रक्तदाब धोक्याच्या पातळीवर जातो तेव्हा: कॅज्युअल्टीत नव्याने रुजू झालेल्या परिचारिकांसाठी

पुण्यात जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग पूर्ण करून मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत रुजू झालेल्या परिचारिकेच्या कानावर पहिल्याच आठवड्यात एक विनवणी वारंवार पडते: “सिस्टर, यांचं बीपी फार वाढलंय, आधी ते खाली आणा.” नातेवाइकांची काळजी समजण्यासारखी असते, पण कामाचा क्रम तो नव्हे. अशा रुग्णाच्या बाबतीत घाई करायची ती रक्तदाब अचूक मोजण्याची आणि कोणत्या अवयवाला इजा होत आहे हे ओळखण्याची. रक्तदाब उतरवताना मात्र ठरलेल्या मर्यादेबाहेर आणि ठरलेल्या वेळेआधी जायचे नाही. या लेखातील सगळ्या पायऱ्या याच विचारावर उभ्या आहेत. औषधांची जी प्रमाणे दिली आहेत ती समजुतीसाठी आहेत. प्रत्यक्ष देताना डॉक्टरांचा लेखी आदेश आणि आपल्या रुग्णालयाची कार्यपद्धती हीच ग्राह्य धरावी.

आकडा आणि इजा

सर्वसाधारणपणे वरचा रक्तदाब १८० च्या किंवा खालचा १२० च्या पुढे गेला की तो धोकादायक मानला जातो. मात्र एवढ्यावरून तातडीची स्थिती ठरत नाही. वाढलेल्या दाबामुळे मेंदू, डोळे, हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंडे किंवा महाधमनी यांपैकी कशालाही नव्याने इजा होत असेल, तरच ती खरी तातडीची अवस्था होय, आणि अशा रुग्णाला शिरेतून औषध व आयसीयूमधील देखरेख लागते. इजा नसेल तर रक्तदाब २००/११० असला तरी त्या रुग्णाला शिरेतील औषधाची गरज बहुधा नसते. त्याला शांत जागा, पुन्हा एकदा नीट केलेले मोजमाप, सुटलेल्या गोळ्या पुन्हा सुरू करणे आणि काही दिवसांत फेरतपासणी यांची गरज असते. याउलट, एरवी ज्या तरुणीचा रक्तदाब ११०/७० असतो, तिला गरोदरपणात १७०/११० वरही झटके (फिट) येऊ शकतात. रक्तदाब किती वाढला याबरोबरच तो किती वेगाने वाढला, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

पहिली पायरी: मोजमाप

चुकीच्या मोजमापावर उपचार सुरू झाले तर पुढची सगळी साखळीच चुकते. दंडाच्या मानाने कफ लहान असेल तर रक्तदाब प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो, आणि स्थूल रुग्णांच्या बाबतीत हे नेहमी घडते. कफच्या आतील रबरी पिशवीची लांबी दंडाच्या घेराच्या सुमारे ८० टक्के आणि रुंदी सुमारे ४० टक्के असावी. प्रत्येक कॅज्युअल्टीत मोठा कफ असतोच, पण तो बहुतेक वेळा कपाटात असतो. ड्यूटीवर आल्याबरोबर तो कोणत्या कप्प्यात आहे हे पाहून ठेवावे आणि शक्य असल्यास मॉनिटरजवळच आणून ठेवावा. कफ उघड्या दंडावर बांधावा. स्वेटरच्या किंवा जाड ब्लाउजच्या बाहीवरून घेतलेले मोजमाप नोंदवू नये. दंड हृदयाच्या पातळीवर टेकलेला असावा, पाय एकमेकांवर चढवलेले नसावेत आणि मोजत असताना रुग्णाशी बोलू नये.

रक्तदाब दोन्ही हातांत मोजावा. दोन हातांतील वरच्या रक्तदाबात २० पेक्षा अधिक फरक असेल आणि रुग्ण छातीत किंवा पाठीत फाडल्यासारखी कळ आल्याचे सांगत असेल, तर महाधमनीचा पदर फाटल्याची शंका घेऊन डॉक्टरांना त्याच क्षणी हाक मारावी. डायलिसिसच्या रुग्णाच्या फिस्टुला (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेली जागा) असलेल्या हातावर कफ बांधू नये. ज्या हातात औषधाचे सलाईन चालू आहे त्याही हातावर बांधू नये, कारण कफ फुगला की औषध थांबते आणि सैल झाला की साचलेले औषध एकदम आत जाते. मोजमाप जास्त आल्यास काही मिनिटांनी पुन्हा मोजावे. मात्र लक्षणे गंभीर असतील तर दुसऱ्या मोजमापासाठी डॉक्टरांना कळवणे लांबवू नये.

मूत्राशय भरलेले असणे, तीव्र वेदना आणि भीती या तिन्ही गोष्टींनी रक्तदाब वाढतो. प्रोस्टेटमुळे लघवी अडलेल्या आजोबांचा रक्तदाब कॅथेटर घातल्यावर बराच उतरतो; म्हणून ओटीपोट हाताने तपासण्याची सवय सुरुवातीपासूनच लावून घ्यावी.

दुसरी पायरी: विचारणे आणि पाहणे

कफ फुगत असतो तेव्हा तोंडाने काही विचारायचे नसले तरी डोळ्यांनी पाहता येते. रुग्ण आपल्याकडे पाहतो का, त्याचे तोंड वाकडे झाले आहे का, तो धापा टाकत बसला आहे का, हे त्या अर्ध्या मिनिटात कळते. मोजमाप होताच त्याला दोन्ही हात पुढे करायला सांगावे, स्वतःचे नाव आणि आजचा वार विचारावा, बाहुल्या पाहाव्यात आणि ग्लासगो कोमा स्केलची (शुद्धीची पातळी गुणांत मोजण्याची पद्धत) पहिली नोंद करावी. ही पहिली नोंद फार मोलाची असते, कारण पुढे औषध चालू असताना रुग्ण सुधारतो आहे की बिघडतो आहे हे तिच्याशी ताडूनच ठरते.

रुग्ण पुस्तकातील शब्दांत लक्षणे सांगत नाहीत. “डोळ्यांपुढे अंधारी येते”, “गरगरतं”, “छाती भरून आल्यासारखी वाटते”, “डोकं फुटेल असं झालंय” ही वाक्ये जशीच्या तशी लिहून घ्यावीत आणि मग नेमके विचारावे: कधीपासून, एकदम की हळूहळू, नजर अंधुक झाली आहे का, उलटी झाली का, लघवी कमी किंवा लालसर झाली का. बोलणे अडखळत असेल किंवा एक बाजू लुळी पडली असेल, तर रुग्ण शेवटचा पूर्णपणे ठीक केव्हा दिसला होता ती वेळ नातेवाइकांकडून काढून घ्यावी. सकाळी सहाला उठल्यावर त्रास लक्षात आला आणि रात्री दहाला झोपताना रुग्ण ठीक होता, तर नोंदवायची वेळ रात्री दहाची. गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येत असल्यामुळे या एका नोंदीवर पुढचा सगळा निर्णय फिरतो.

गोळ्यांची चौकशी मायेने करावी लागते. आषाढी वारीत दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामी असतात, नाना पेठ आणि भवानी पेठ वारकऱ्यांनी भरून जातात, आणि त्या दिवसांत गोळ्या घरी राहून गेलेली वयस्क मंडळी येत राहतात. “माऊली, बीपीची गोळी शेवटची कधी घेतली होती?” असे विचारले तर “पिशवी घरीच राहिली गं बाई, चार दिवस झाले” असे खरे उत्तर मिळते, “गोळ्या का बंद केल्या?” असे दरडावले तर “घेते की रोज” एवढेच ऐकू येते. क्लोनिडिनसारखी गोळी अचानक थांबली तर रक्तदाब उसळी मारून वर जातो. गुडघेदुखीसाठी स्वतःहून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, सर्दीची नाक मोकळे करणारी औषधे, चुकलेले डायलिसिस आणि नशेचे पदार्थ यांचीही विचारणा करावी. पुरुष रुग्णाला नातेवाइकांसमोर नव्हे, तर पडदा ओढून सिल्डेनाफिलसारख्या (लैंगिक क्षमतेसाठी घेतल्या जाणाऱ्या) गोळ्यांबद्दल विचारावे, कारण ती घेतलेली असताना नायट्रोग्लिसरीन दिल्यास रक्तदाब जीवघेणा कोसळू शकतो.

भोर, दौंड, इंदापूर, जुन्नर या बाजूंनी रेफर होऊन येणाऱ्या रुग्णांच्या चिठ्ठीत आधी कोणते औषध, किती आणि केव्हा दिले आहे ते सर्वप्रथम वाचावे. लिहिलेले नसल्यास त्या दवाखान्यात फोन करून विचारावे. रुग्णवाहिका सुटण्यापूर्वी दिलेल्या इंजेक्शनचा परिणाम वाटेतच सुरू झालेला असतो, आणि त्यावर आणखी एक डोस पडला तर रक्तदाब किती कोसळेल हे कोणाच्याच हातात राहत नाही.

तिसरी पायरी: औषधाआधीची तयारी

डॉक्टर तपासत असतानाच मॉनिटर लावावा, बारा लीडचा ईसीजी काढावा आणि ग्लुकोमीटरवर साखर पाहावी. साखर कमी झाली तरी रुग्ण बरळतो किंवा अर्धांगवायूसारखा दिसतो, त्यामुळे ही तपासणी कधीही सोडू नये. शक्यतो दोन इंट्राकॅथ (शिरेत ठेवायच्या नळ्या) घालावेत, एक औषधासाठी आणि एक राखीव. रक्त घेताना क्रिएटिनीन, इलेक्ट्रोलाइट्स, हिमोग्राम आणि आदेशाप्रमाणे ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे सांगणारी तपासणी) यांच्या बाटल्या एकदमच भराव्यात. लघवीत प्रथिने आणि रक्त आहे का ते पाहावे. प्रजननक्षम वयातील स्त्रीची गर्भचाचणी करावी. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंशांवर उचलावी. फुप्फुसांत पाणी झालेल्या रुग्णाला मात्र सरळ बसवून पाय खाली सोडू द्यावेत, त्याला आडवे करण्याचा आग्रह धरू नये. ऑक्सिजन गरज असेल तरच द्यावा. पक्षाघाताची शंका असल्यास गिळण्याची चाचणी होईपर्यंत तोंडाने पाणीसुद्धा देऊ नये, आणि हे बाजूला उभ्या असलेल्या नातेवाइकांनाही स्पष्ट सांगावे, कारण आपली पाठ वळताच कोणीतरी चहाचा घोट पाजतेच.

किती उतरवायचे आणि का

या टप्प्यावर नव्या परिचारिकेची सर्वांत जास्त ओढाताण होते, म्हणून येथे थोडे थांबून समजून घेणे आवश्यक आहे. वर्षानुवर्षे उच्च रक्तदाब असलेल्या माणसाच्या मेंदूतील रक्तवाहिन्या त्या वाढलेल्या दाबाला सरावलेल्या असतात आणि त्याच दाबावर मेंदूला पुरेसे रक्त पोहोचवत असतात. तो दाब एकाएकी १२०/८० वर आणला, तर आकडा सुंदर दिसतो पण मेंदूचा, हृदयाचा आणि मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा तुटतो. बहुमजली सोसायटीत पाण्याचा दाब अचानक घटला की सर्वांत आधी वरच्या मजल्याचे नळ कोरडे पडतात, तसेच हे आहे.

म्हणून सर्वसाधारण नियम असा की पहिल्या तासात सरासरी रक्तदाब २५ टक्क्यांपेक्षा जास्त उतरवू नये, त्यानंतरच्या दोन ते सहा तासांत तो १६०/१०० ते ११० च्या आसपास आणावा आणि पुढील २४ ते ४८ तासांत हळूहळू नेहमीच्या पातळीकडे न्यावा. सरासरी रक्तदाब काढण्यासाठी खालच्या आकड्याची दुप्पट करून त्यात वरचा आकडा मिळवावा आणि तिनाने भागावे. रुग्णाचा रक्तदाब २२०/१३० असेल तर २६० अधिक २२० म्हणजे ४८०, भागिले तीन म्हणजे १६०. त्याचे २५ टक्के म्हणजे ४०. पहिल्या तासात सरासरी १२० च्या खाली जायचे नाही, म्हणजेच मॉनिटरवर साधारण १६०/१०० दिसले की थांबायचे. हा हिशेब औषध सुरू करण्यापूर्वी करून चार्टच्या माथ्यावर ठळक लिहून ठेवावा आणि डॉक्टरांकडून त्याची खात्री करून घ्यावी.

या नियमाला अपवाद आहेत आणि ते पाठच असले पाहिजेत. महाधमनीचा पदर फाटला असेल तर वरचा रक्तदाब शक्य तितक्या लवकर १२० च्या खाली आणि नाडी ६० च्या आसपास आणावी लागते, आणि त्यासाठी नाडी मंदावणारे औषध आधी सुरू होते. गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातात उलट धोरण असते: गुठळी विरघळवणारे औषध द्यायचे नसेल तर २२०/१२० पर्यंतचा रक्तदाब बहुधा तसाच राहू देतात, द्यायचे असेल तर आधी तो १८५/११० च्या खाली आणतात आणि नंतर २४ तास १८०/१०५ च्या खाली ठेवतात. मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर लक्ष्य बहुधा वरच्या १४० च्या आसपासचे असते. सीटी स्कॅन होईपर्यंत गुठळी की रक्तस्राव हे कळत नाही, त्यामुळे स्कॅनपूर्वी आपण होऊन काहीही उतरवू नये.

चौथी पायरी: औषध देणे

लॅबेटॅलॉल साधारणपणे २० मिलिग्रॅम, दोन मिनिटांत सावकाश शिरेतून दिले जाते आणि गरज पडल्यास दहा मिनिटांनी पुढचा डोस दिला जातो. देण्यापूर्वी दमा आहे का हे विचारावे आणि नाडी पाहावी; दमा, मंद नाडी किंवा हार्ट ब्लॉक असल्यास हात थांबवून डॉक्टरांना सांगावे. हे औषध दिलेल्या रुग्णाला काही तास उठून बाथरूमला जाऊ देऊ नये, कारण उभे राहताच रक्तदाब घसरून तो पडतो. बेडपॅन किंवा युरिनल आधीच जवळ ठेवावे.

छातीत दुखणे किंवा फुप्फुसांत पाणी असल्यास नायट्रोग्लिसरीन चालते, आणि ते नेहमी सिरिंज पंपावरच द्यावे. २५ मिलिग्रॅम औषध ५० मिलिलिटरमध्ये केले तर प्रत्येक मिलिलिटरमध्ये ५०० मायक्रोग्रॅम येतात. मिनिटाला ५ मायक्रोग्रॅमचा आदेश असेल तर तासाला ३०० मायक्रोग्रॅम, म्हणजे पंपावर ०.६ मिलिलिटर प्रति तास. येथे दशांशचिन्ह हुकून ६ झाले तर दहापट औषध जाते. म्हणून पंप सुरू करण्यापूर्वी दुसऱ्या परिचारिकेने स्वतंत्र हिशेब करून आकडा वाचून दाखवावा. ती कितीही कामात असली तरी तिला बोलवावे. सिरिंजवर औषधाचे नाव, प्रमाण, वेळ आणि सही असलेली पट्टी लावावी. नायट्रोग्लिसरीनमुळे डोके दुखते हे रुग्णाला आधी सांगितले, तर तो घाबरत नाही. सोडियम नायट्रोप्रुसाइड असेल तर ते फक्त ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये करून बाटली व नळी प्रकाशापासून झाकावी.

निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली घालण्याची जुनी पद्धत अजूनही कानावर येते. तिच्यामुळे रक्तदाब किती आणि किती वेगाने पडेल यावर कोणाचाच ताबा राहत नाही आणि पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका आल्याच्या नोंदी आहेत. असा आदेश तोंडी आला तर नम्रपणे, पण ठामपणे लेखी मागावा आणि वरिष्ठ डॉक्टरांशी बोलावे. फोनवरून आलेला कोणताही आदेश औषधाचे नाव, मात्रा आणि मार्ग यांसह परत वाचून दाखवल्याशिवाय अमलात आणू नये.

औषध सुरू झाल्यावर पहिल्या टप्प्यात दर पाच मिनिटांनी, स्थिरावल्यावर दर पंधरा मिनिटांनी आणि नंतर अर्ध्या तासाने रक्तदाब घ्यावा. प्रत्येक वेळी आकड्याबरोबर नाडी, श्वास, शुद्ध आणि वेदना यांची नोंद करावी. लघवीचे माप तासाला ठेवावे. ते प्रौढ रुग्णात वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.५ मिलिलिटरच्या खाली गेले तर कळवावे. रक्तदाब उतरत असताना रुग्ण गुंगू लागला, बोलणे अडखळले किंवा छातीत नव्याने दुखू लागले, तर रक्तदाब फार वेगाने उतरतो आहे असे समजून डॉक्टरांना तत्काळ बोलवावे आणि ते येईपर्यंत काय करायचे, पंप थांबवायचा का, हे आदेशातच आधी लिहून घ्यावे.

गरोदर आणि बाळंत स्त्री

विसाव्या आठवड्यानंतरच्या गरोदर स्त्रीचा, तसेच बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत, रक्तदाब १६०/११० किंवा त्याहून जास्त आला आणि पंधरा मिनिटांनीही तसाच राहिला, तर ३० ते ६० मिनिटांच्या आत औषध सुरू झाले पाहिजे. माहेरी आलेली बाळंतीण डोकेदुखी घेऊन येते तेव्हा “जागरण झालं असेल” म्हणून तिला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवू नये. बरगड्यांखाली उजवीकडे किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणे हे अॅसिडिटी समजून सोडू नये. या स्त्रियांना निफेडिपिनची गोळी तोंडाने गिळायला दिली जाते, ती मान्य पद्धत आहे, जिभेखाली नव्हे.

झटके टाळण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट चालू असेल तर प्रत्येक पुढील डोसपूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात: गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया आहे, श्वास मिनिटाला किमान १६ आहे आणि लघवी तासाला किमान ३० मिलिलिटर आहे. यांपैकी एक जरी नसेल तरी डोस रोखून डॉक्टरांना बोलवावे. मॅग्नेशियमवरचा उतारा म्हणून १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटची १० मिलिलिटरची अॅम्प्यूल पलंगाजवळच ठेवावी. ती आणायला फार्मसीत धावण्याची वेळ येऊ नये. ओटी किंवा लेबर रूमला कळवणे, तिला डाव्या कुशीवर ठेवणे आणि पलंगाचे कठडे वर करणे ही कामे औषध भरत असतानाच दुसऱ्या हाताने व्हायला हवीत.

ड्यूटी बदलताना आणि घरी पाठवताना

ओव्हर, म्हणजे पुढच्या ड्यूटीकडे रुग्णाचा ताबा, देताना दोन्ही परिचारिकांनी पलंगापाशी उभे राहूनच द्यावा. आल्यावेळचा रक्तदाब, ठरवलेली मर्यादा, आत्ताचा आकडा, पंपाचा वेग, सिरिंजमध्ये उरलेले औषध, कोणत्या हातावर मोजत आहोत आणि शुद्धीची स्थिती हे सगळे बोलून, पंपाकडे पाहून जुळवावे. हात बदलला तर आकडा बदलू शकतो, म्हणून नव्या ड्यूटीनेही त्याच हातावर मोजावे.

घरी जाताना गोळ्यांची पाकिटे प्रत्यक्ष हातात घेऊन सकाळची कोणती आणि रात्रीची कोणती हे दाखवावे, आणि रुग्णाकडून ते परत वदवून घ्यावे. वाचता न येणाऱ्या आजींसाठी पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून दिले तर पुरते. महिनाभराच्या गोळ्या परवडत नसतील तर महापालिकेच्या किंवा सरकारी दवाखान्यातून त्या मिळवण्याचा मार्ग त्याच वेळी सांगावा, कारण बहुतेक जण बरे वाटले म्हणून किंवा पैसे नाहीत म्हणून गोळी सोडतात आणि पुन्हा याच दारात येतात. मीठ कमी करण्याचा सल्ला देताना लोणचे, पापड, फरसाण, ठेचा अशी पदार्थांची नावे घेऊन बोलावे. फेरतपासणीचा दिवस कार्डावर लिहावा. एकदम तीव्र डोकेदुखी, धाप, छातीत दुखणे, बोलणे अडखळणे, नजर जाणे किंवा एका बाजूची ताकद जाणे यांपैकी काहीही झाले तर रिक्षाची वाट न पाहता १०८ ला फोन करावा, हे रुग्णाबरोबरच त्याच्या घरी राहणाऱ्या एका माणसालाही सांगून ठेवावे.